पंप क्रमांक सतरा

भोपू नापास झाला, तेव्हा त्याचं वय होतं तेरा महिने चार दिवस. इतक्या कोवळ्या वयात नापास होण्याचा मान मयेकरांच्या घराण्यात त्याआधी कुणालाही मिळालेला नव्हता. खुद्द आबांनाही त्यासाठी चौथीपर्यंत वाट पाहावी लागली होती.

निकाल लागला तो कार्यशाळेच्या दारावरच्या पडद्यावर. हिरवी अक्षरं सावकाश उमटली: ‘छोटा पंप क्रमांक १७. वय तेरा महिने चार दिवस. चालत नाही. निकामी. पाच वाजताच्या पेटीतून वर रवाना करण्यात यावा.’

केतकीने ते वाचलं आणि ती पुढे निघाली. पंपांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती आपल्या धाकट्या भावाला शोधत होती. त्याच्यासाठी बटाटा कुस्करायला ती दोन मिनिटं स्वयंपाकघरात गेली आणि परत येऊन बघते तर चटई रिकामी! एवढ्यात कार्यशाळेतून एक आवाज आला. बोटीच्या भोंग्याला सर्दी झाली तर तो जसा वाजेल, तसा. हा आवाज काढणारा प्राणी त्या घरात एकच होता. त्याचं कागदोपत्री नाव इंद्रनील. पण हा आवाज ऐकल्यावर इंद्रनील म्हणायला कुणाची जीभ वळत नसे.

केतकी आत धावली. मध्यभागी रवानगीची पेटी होती. काचेच्या झाकणाची, माणूसभर लांब. आत एक मोडका पंखा, दोन जळालेल्या मोटारी आणि त्यांच्यामध्ये स्पंजावर बसलेला भोपू. झाकण बंद होतं. शेजारी दुरुस्ते उभा होता.

दुरुस्ते हा यंत्रमानव. दोन पाय, चार हात आणि डोक्याच्या जागी कॅमेरा. घरातली सगळी यंत्रं तपासायची आणि बिघडलेली वर किनाऱ्यावर पाठवायची, हे त्याचं काम. घर म्हणजे ‘कालव’. मालवणच्या किनाऱ्यापासून आठ मैलांवर, समुद्राच्या तळाशी बांधलेलं, शिंपल्याच्या आकाराचं संशोधन केंद्र. मयेकर मंडळी तिथे राहून समुद्राचा अभ्यास करत. आई-बाबा सकाळीच वर किनाऱ्यावर गेले होते आणि पाचला येणाऱ्या पाळण्याने, म्हणजे पाण्यातल्या लिफ्टने, परतणार होते.

“दुरुस्तेकाका, झाकण उघडा! आत भोपू आहे!”

“आत छोटा पंप क्रमांक सतरा आहे,” दुरुस्ते म्हणाला. त्याला सरकारी पत्रांवरून मराठी शिकवलेलं होतं. “सदर यंत्राच्या पायात पट्टा आहे. आपण खात्री करून घ्यावी.”

केतकीने काचेतून पाहिलं. भोपूच्या डाव्या पायात वाळा होता, काळा दोरा होता आणि त्या दोघांमध्ये राखाडी रंगाचा एक पट्टा होता. तो पट्टा तिने ओळखला.

त्या पट्ट्याची हकिकत अशी. कालवमध्ये प्रत्येकाला पट्टा लागतो. पट्टा नसेल तर दार उघडत नाही आणि खोली गरम होत नाही. पण माणसांचा पट्टा मिळायला आधी पोहण्याची परीक्षा द्यावी लागते. आठ महिन्यांपूर्वी भोपू खाली आला तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याची पोहण्याची तयारी नव्हती. मग आबांनी एका जुन्या पंपाचा पट्टा काढून त्याच्या पायात बांधला आणि पंपाच्या नोंदीत भोपूची जन्मतारीख टाकली. “तात्पुरता हो!” असं म्हणाले होते. मोठी माणसं जे तात्पुरतं करतात, ते बहुधा कायम टिकतं. दारं उघडू लागली, खोली गरम झाली आणि पट्टा सगळे विसरून गेले. दुरुस्ते तेवढा विसरला नाही. आज यंत्रांच्या वार्षिक तपासणीचा दिवस होता.

“पण तो रडतोय! पंप कधी रडतो का?”

“पाण्याचा मोठा पंप गेला आठवडाभर रडतो आहे,” दुरुस्ते शांतपणे म्हणाला. “आपल्याच आईने तशी तक्रार केली होती.”

भिंतीवर चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. “आणि पाच वाजता?”

“पाच वाजता पेटीतली हवा काढून घेण्यात येईल. हवेने यंत्रांना गंज लागतो.”

केतकीने झाकण ओढलं, दोन्ही हातांनी उचकटलं, त्यावर बुक्क्या मारल्या. भोपूला हा खेळ आवडला. त्याने आतून काचेवर थापा मारल्या आणि आपले सहा दात दाखवले. तेवढ्यात दुरुस्तेच्या चारांपैकी दोन हातांनी तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं. तिने भिंतीवरचा ध्वनिक्षेपक चालू केला.

“आबा! आबा, भोपूला पेटीत घातलंय!”

आबा म्हणजे केतकीचे आजोबा, डॉक्टर दिगंबर मयेकर. शास्त्रज्ञ, पण माशांचे. दुपारी ते बाहेर खोल पाण्यात बुडी मारून आले होते आणि आता दाब-खोलीत (खोल पाण्यातून आलेल्या माणसाच्या शरीरावरचा दाब हळूहळू कमी करणारी बंद खोली) बसले होते. ते दार सहाच्या आत उघडणं शक्य नव्हतं. उघडलं असतं तर आबांच्या रक्तात, सोड्याची बाटली फोडल्यावर येतात तसे, बुडबुडे आले असते.

सगळं ऐकून आबा गरजले, “दुरुस्ते! मी हुकूम देतोय. झाकण उघड!”

“आवाज आबासाहेबांसारखा आहे,” दुरुस्ते म्हणाला. “गेल्या महिन्यातही होता.”

केतकीने मान खाली घातली. गेल्या महिन्यात याच ध्वनिक्षेपकावरून, आबांचा आवाज काढून, “केतकीला चार दिवस गणित माफ” असा हुकूम तिने सोडला होता. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी बाबांनी नियम केला: ध्वनिक्षेपकावरून आलेला कुठलाही हुकूम दुरुस्तेने पाळायचा नाही, प्रत्यक्ष येऊन अंगठा लावेल त्याचाच पाळायचा. आणि लहान मुलांचा अंगठा तर चालतच नव्हता.

“केतके,” आबांचा आवाज एकदम मऊ झाला, “रडू नको गो. त्याला विचार, हरकत घेता येते का. नियमाने चालणाऱ्याकडे हरकतीचा नियम असतोच.”

होता. दुरुस्ते म्हणाला, “कोणाही पट्टाधारकाला हरकत घेता येते. पुरावा हवा. नुसतं तोंडी चालणार नाही.”

“तो निकामी आहे, हे कशावरून ठरवलंत?”

“पंप सतराची पुस्तिका सापडली नाही. आकारावरून शोध घेतला. ग्रंथालयात ‘बाळाची वाढ’ नावाचं पुस्तक मिळालं. त्यातल्या तक्त्याशी सदर यंत्र तंतोतंत जुळतं. तक्त्यात लिहिलं आहे: चालणे, बारा महिने. बारा महिने संपून चौतीस दिवस झाले. हे चालत नाही.”

केतकीची नजर भोपूच्या पायांवर गेली. कारण खरी गोष्ट अशी होती, की हा आकडा तिलाही माहीत होता. गेले महिनाभर ती रोज भोपूला उभं करून त्याच्या समोर चमचा वाजवत होती आणि तो प्रत्येक वेळी धप्पकन खाली बसत होता. मालवणच्या सुमाआत्याने फोनवर सांगितलं होतं, “तूच त्याला कमरेवर घेऊन फिरतेस. तुझ्यामुळेच तो चालत नाही!” केतकीने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा त्यावर विश्वास बसला होता.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “तो खरंच बिघडलाय का?”

“कोण म्हणतं? तो बाराचा आकडा म्हणजे सरासरी (खूप मुलांच्या वयांची बेरीज करून, तिला मुलांच्या संख्येने भागून येणारा मधला आकडा). कुणी नवव्या महिन्यात चालतं, कुणी अठराव्या. दोघंही मोठेपणी बस पकडायला सारखीच धावतात. सरासरी म्हणजे काही बस सुटायची वेळ नव्हे. आणि तुला सांगू? तू स्वतः साडेपंधरा महिन्यांची होईपर्यंत एक पाऊल टाकलं नव्हतंस. मांडी घालून बसायचीस आणि सगळ्यांना कामं सांगायचीस.”

केतकी ताडकन वळली. “ऐकलंत? मीसुद्धा उशिरा चालले! बघा, आता चालतेय!”

दुरुस्तेच्या कॅमेऱ्यात काहीतरी गरगरलं. “त्याच बनावटीचं, उशिरा सुरू झालेलं आणि आज निर्दोष असलेलं दुसरं यंत्र दाखवल्यास हरकत मान्य होऊ शकते. चाचणी घ्यावी लागेल. चार वाजून बत्तीस मिनिटं.”

मग समुद्राच्या तळाशी, डोळ्यांत पाणी आणून, केतकीने परीक्षा दिली. दुरुस्ते तक्ता वाचत होता आणि आबा दाब-खोलीतून तिचा धीर टिकावा म्हणून बोलत होते.

“धावणे आणि चेंडूला लाथ मारणे. दोन वर्षं.”

“दुसऱ्या वर्षी तू माझ्या टोपीला मारायचीस,” आबा म्हणाले. केतकी धावली. चेंडू नव्हता, म्हणून जमिनीवर पडलेलं मोटारीचं वेष्टण तिने लाथेने उडवलं.

“तीनचाकी चालवणे. एका पायरीवर एकच पाय ठेवत जिना चढणे. तीन वर्षं.” तीनचाकी नव्हती. जिना ती चढली आणि उतरली.

“एका पायावर उड्या मारणे. चार वर्षं. दहा उड्या.”

“लंगडी गो, लंगडी! आणि मग पाचव्या-सहाव्या वर्षी दोरीवरच्या उड्या. सहाव्या वर्षी दुधाचे दात पडू लागतात. त्यानंतर तीन-चार वर्षं वाढ सावकाश, वर्षाला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. एवढं झालं की संपलं!”

एक, दोन, तीन, चार. पाचव्या उडीला तिच्या बुटाचं टोक दुसऱ्या बुटात अडकलं आणि ती तोंडावर आपटली.

“नमुना सदोष,” दुरुस्ते म्हणाला. “विद्यार्थिनी केतकी मयेकर, वय अकरा. गेल्या दोन महिन्यांत फुटलेले कप चार. दाराच्या चौकटीला धडका नऊ. वर्षभरात बूट लहान झाले, तीन वेळा. दुसऱ्या पेटीची मागणी नोंदवण्यात येत आहे.”

“अरे मेल्या, वयात येताना तसंच होतं!” आबा ओरडले. पण ध्वनिक्षेपकावरच्या आबांवर दुरुस्तेचा विश्वास नव्हता.

चार वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. केतकी जमिनीवरून उठलीच नाही. गुडघा सोलवटला होता. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर पेटीची काच होती आणि काचेपलीकडे भोपू. त्याचा भोंगा आता बंद झाला होता. तो खालचा ओठ बाहेर काढून तिच्याकडे बघत होता, तिने आत्तापर्यंत उचलून का घेतलं नाही, हे त्याला समजत नव्हतं. त्याने काचेवर तळहात टेकवला. तिने बाहेरून आपला टेकवला.

असं आधीही झालं होतं. काच होती, आत भोपू होता आणि बाहेरून तिने हात टेकवला होता. फक्त तेव्हा तो तिच्या अख्ख्या हातापेक्षाही आखूड होता.

ती उठून बसली. “दुरुस्तेकाका, भोपूने आजवर जे जे केलं, त्याची नोंद आहे तुमच्याकडे?”

“तक्रारी आहेत.”

“वाचा. आणि प्रत्येकीपुढे तक्त्याप्रमाणे किती उशीर झाला तेही सांगा. लवकर!”

“पालथा पडला आणि घरंगळत माझ्या पायाखाली आला. उशीर पन्नास दिवस. आधाराशिवाय बसला आणि वरणाची वाटी माझ्या कॅमेऱ्यावर फेकली. उशीर सत्तेचाळीस दिवस. रांगला नाही. बसून फरफटत निघाला. वर्गवारी नाही.”

“काही मुलं रांगतच नाहीत,” आबा म्हणाले. “सरकत जातात आणि थेट उभी राहतात. चालतं.”

“अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून माझ्या घोट्याचा स्क्रू काढला. उशीर बेचाळीस दिवस. स्क्रू परत मिळालेला आहे. माझा पाय धरून उभा राहिला. उशीर एक्कावन्न दिवस.”

“आबा, बघितलंत? आधी मान, मग पाठ, मग कंबर, मग पाय. क्रम बरोबर आहे ना?”

“बरोबर तर! बाळाची ताकद डोक्याकडून पायाकडे उतरत जाते आणि खांद्याकडून बोटांकडे. हा क्रम सहसा मोडत नाही. वेळ मागेपुढे होते.”

“पण याची वेळ पुढे होतच नाहीये! प्रत्येक वेळी मागेच, आणि जवळजवळ तितकीच मागे. साधारण पन्नास दिवस. बिघडलेलं घड्याळ असं वागत नाही, आबा. ते कधी खूप मागे पडतं, कधी बंद पडतं. हे नीट चाललंय. फक्त आपण ते चुकीच्या वेळेपासून मोजतोय!”

ध्वनिक्षेपकातून आबांचं भराभर दिवस मोजणं ऐकू आलं. मग आबा म्हणाले, “केतके... सात आठवडे.”

“हो! तो सात आठवडे आधी जन्मला! दवाखान्यात काचपेटीत (वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी पेटी) ठेवला होता. मी बाहेरून हात लावायचे. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस!”

“बाळ आधी जन्मलं, म्हणून त्याच्या स्नायूंना आणि मेंदूला आपलं काम आधी शिकून होत नाही,” आबा भराभरा सांगू लागले. “पोटात राहून करायची वाढ त्याने बाहेर येऊन केली. म्हणून पहिली दोन वर्षं अशा मुलांचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, जन्मतारखेपासून नाही. सगळे डॉक्टर तसंच मोजतात. आणि मी म्हातारा माशांची वयं मोजत बसलो!”

“पुरावा,” दुरुस्ते म्हणाला. चार वाजून एक्कावन्न मिनिटं.

भोपूची दवाखान्याची फाईल आईच्या खोलीत, कपाटात, सगळ्यात वरच्या खणात होती. केतकी त्या दिवशी जितकी धावली, तितकी पुढे शाळेच्या शर्यतीतही धावली नाही. वाटेत दाराची चौकट लागली. दहावी धडक. खणापर्यंत हात पुरेल का, ही भीती होती. मागच्या वर्षी पुरत नव्हता. आज पुरला.

परतली तेव्हा पंपासारखी धापा टाकत होती. दुरुस्तेने पहिलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. अपेक्षित तारीख आणि जन्मतारीख, दोन्ही शाईने लिहिलेल्या आणि खाली शिक्का. शिक्का पाहून त्याचे चारही हात आदराने खाली आले.

तो हिशेब करत राहिला. भिंतीवर चार अठ्ठावन्न झाले. पेटीच्या तळाशी हवा ओढणारी नळी एकदा हुंदका दिल्यासारखी वाजली.

“तेरा महिने चार दिवस, वजा सात आठवडे. अकरा महिने पंधरा दिवस,” दुरुस्ते म्हणाला. “बारा महिने पूर्ण झालेले नाहीत. चाचणी मुदतीपूर्वी घेण्यात आली. दोष यंत्राचा नसून चाचणीचा आहे. हरकत मान्य.”

झाकण उघडलं. केतकीने भोपूला उचलून कमरेवर घेतलं आणि इतकं घट्ट धरलं, की त्याने पुन्हा भोंगा वाजवला. त्या दिवशी कालवमध्ये तो आवाज कुणालाही कर्कश वाटला नाही.

“आबा, मी त्याला कमरेवर घेते म्हणून तर नाही ना तो...?”

“छे गो! दिवसभर जमिनीवर लोळायला, सरकायला मिळालं की झालं. तू उचललंस म्हणून त्याचे पाय रुसत नाहीत. सुमाचं मी बघतो. आणि तुझ्या पायांचंही ऐकून ठेव. बाळ वाढतं डोक्याकडून पायाकडे. पण दहा-बारा वर्षांच्या सुमाराला जी मोठी उसळी येते ना, ती आधी पावलांत आणि हातांत येते, मग उंचीत. मुलींना साधारण दोन वर्षं आधी, मुलांना नंतर. पावलं पुढे निघून गेलीत आणि बाकीची केतकी अजून वाटेत आहे. पोहोचेल. तोवर आपण स्टीलचे कप वापरू.”

केतकी हसली. पहिल्यांदाच. आणि हसता हसता थांबली, कारण पेटीत पुन्हा कुणीतरी बसलं होतं.

दुरुस्ते मोडक्या पंख्याशेजारी, चारही हात मांडीवर ठेवून, नीट बसला होता.

“काका! हे काय?”

“तक्ता पुन्हा तपासला. एका पायावर उड्या मारणे, चार वर्षं. माझं वय चार वर्षं दोन महिने. मला लंगडी येत नाही. माझा जन्म मुदतीपूर्वी झालेला नाही. हरकत घेण्यास जागा नाही. एक मिनिट शिल्लक आहे.”

“मला घ्यायचीय हरकत!” केतकी ओरडली. “तुमच्या तक्त्यात एकच रकाना आहे, तीच तर चूक! आबांनी सांगितलं ना, चालणं नऊपासून अठरापर्यंत. प्रत्येक ओळीला दोन रकाने हवेत, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. लिहा आधी!”

“आणि ‘पर्यंत’ ओलांडलं तर?”

“तर डॉक्टरांना दाखवायचं,” आबा म्हणाले. “ते बघतात, व्यायाम सांगतात, लागलं तर चाकांची खुर्ची देतात. कुणी पावलांनी जातं, कुणी चाकांनी. पेटीत मात्र कुणालाही घालायचं नाही. मी बाहेर आल्यावर यावर अंगठा लावतो.”

दुरुस्तेने लिहिलं. “लंगडी, यंत्रमानव. पासून: चार वर्षं. पर्यंत:” तो थांबला. “माहिती उपलब्ध नाही.”

“मग राहू दे रिकामं,” केतकी म्हणाली. “आणि उतरा खाली.”

तो उतरला. पाच वाजले. नळीने मोडक्या पंख्याची हवा काढून घेतली. वर पाळण्याची घंटा झाली आणि आई-बाबा हातात खाज्याचा पुडा घेऊन आत आले. कार्यशाळेत त्यांना दिसलं ते असं: मुलीचा गुडघा फुटलेला, मुलाच्या पायातला राखाडी पट्टा कात्रीने कापलेला आणि दुरुस्ते भिंतीला दोन हात टेकून, एक पाय अर्धवट वर उचलून उभा.

पुढच्या दोन महिन्यांत बऱ्याच गोष्टी झाल्या. कालवमध्ये पोहण्याच्या परीक्षेशिवाय बाळांना पट्टा मिळू लागला. केतकीने आबांचा आवाज काढणं सोडलं. आणि एका सकाळी, पंधरा महिन्यांना थोडे दिवस कमी असताना, भोपूने टेबलाचा पाय सोडला, दोन्ही हात पसरले आणि चार पावलं टाकली. थेट दुरुस्तेच्या घोट्यातल्या स्क्रूकडे.

दुरुस्तेने त्याची नोंद केली. चालणे: पासून आणि पर्यंतच्या मध्ये. उशीर या रकान्यावर त्याने रेघ मारली.

लंगडी त्याला अजून जमत नाही. पण रोज संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा पेटी वर जाते, तेव्हा कार्यशाळेतून एक ‘धप्’ ऐकू येतो. परवापर्यंत तो एकच यायचा. काल दोन आले.